न बांधलेल्या घरांपाशी: ला पुरीसिमा मिशनच्या सहलीच्या प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

मराठी शाळा सुटल्यावर पालकांची बैठक झाली आणि सहलीचं पक्कं ठरलं. यंदा आपल्या शाळेत चौथीतली अकरा मुलं आहेत. कॅलिफोर्नियात चौथीला मिशनांचा इतिहास असतो. १७६९ ते १८२३ या काळात स्पॅनिश फ्रान्सिस्कन संघाच्या पाद्र्यांनी सान दिएगोपासून सोनोमापर्यंत २१ मिशनं, म्हणजे स्थानिकांना ख्रिस्ती करून वसवण्याच्या वसाहती, उभारल्या, तो इतिहास. पूर्वी मुलं साखरेच्या चौकोनी वड्या चिकटवून मिशनचं मॉडेल करायची. अशा मॉडेलमधून मुलांना तिथल्या माणसांबद्दल फारसं काही कळत नाही, असं राज्याच्या २०१६च्या अभ्यासक्रम आराखड्याने स्पष्ट सांगितलं. तरी दुकानात मॉडेलचे तयार संच अजून मिळतात. लेकीने परवाच एक मागितला. मी म्हटलं, त्यापेक्षा खरी वीट कर.

त्या वाक्यातूनच हा प्रकल्प निघाला. एप्रिलअखेर लोम्पोकजवळच्या ला पुरीसिमा मिशनला जायचं, सगळं मराठीतून दाखवायचं, जाण्याआधी मुलांकडून कच्च्या विटा करून घ्यायच्या आणि सोबत सोळा पानांची पुस्तिका द्यायची. काम माझ्याकडे आलं. मी स्थापत्य अभियंता आहे, भिंतींचं मला सांगता येईल. माणसांचं नीट वाचून घ्यावं लागेल.

१३ जानेवारी, शनिवार

एकटीच पाहणीला गेले. थाउजंड ओक्सहून १०१ क्रमांकाच्या हायवेने दोन तास लागतात. बहुतेक मिशनांच्या भोवती आता शहर दाटलंय, इथे मात्र दरीत टेकड्या, ओकची झाडं, गाढवं आणि मेंढ्या. फिकट गुलाबी घंटाभिंत, चर्च, कारागिरांच्या खोल्या आणि पाद्र्यांच्या राहत्या इमारतीची लांबच लांब ओसरी. वर नळीची कौलं. अगदी आपल्या कोकणातल्या जुन्या घरांवर असायची तशी, एक उताणं आणि एक पालथं. पाच मिनिटं मी नुसती कौलंच बघत होते.

यातलं जवळपास सगळं १९३४ नंतरचं आहे. मिशन १८३४ साली पाद्र्यांच्या ताब्यातून गेलं, ११ वर्षांनी विकलं गेलं, पुढे छपरं गेली आणि पावसाने भिंती विरघळल्या. मातीची भिंत छपराशिवाय टिकत नाही, हे गावाकडचं पडकं घर पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. १९३३ साली युनियन ऑइल कंपनीने ही जागा देऊन टाकली आणि दुसऱ्या वर्षी महामंदीतली बेरोजगार तरुण पोरं कामाला लागली. सरकारच्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ची ही पोरं. महिना ३० डॉलर पगार, त्यातले २५ थेट घरी जायचे. लाखाहून जास्त विटा त्यांनी हाताने थापल्या. उद्घाटन झालं ७ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले त्याच दिवशी.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या भिंतींच्या पोटात सळया घातलेलं काँक्रीट दडवलेलं आहे. भूकंपाच्या प्रदेशात ते योग्यच केलं. पण मुलं भिंतीला हात लावून ‘हे दोनशे वर्षांपूर्वीचं’ म्हणणार, आणि ते खरं नाही. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर हे यायला हवं. ही इमारत दोनदा बांधली गेली, दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या हातांनी, आणि दोन्ही वेळा हात लावणाऱ्यांची नावं दारावर नाहीत.

परतताना गावातल्या मूळ जागी थांबले. हे मिशन सुरुवातीला तिथे होतं. ८ डिसेंबर १७८७ रोजी फर्मीन लासुएन या पाद्र्याने स्थापलेलं, क्रमाने अकरावं. २१ डिसेंबर १८१२च्या भूकंपात ते कोसळलं आणि मागून आलेल्या पावसाने उरलेलं धुऊन नेलं. आज तिथे घरांच्या मधोमध भिंतींचे दोन-चार खुंट उभे आहेत. त्यानंतर मारियानो पायेरास या पाद्र्याने चार मैलांवर लॉस बेरोसच्या दरीत नवं मिशन मांडलं. बाकीची मिशनं चौसोपी, मधे अंगण. हे मात्र एका रेषेत. भूकंपात बाहेर पळता यावं म्हणून असं केलं असावं, असं मानतात. त्या खुंटांसमोर उभी असताना मला किल्लारीच आठवत होतं. १९९३ साली मी शाळेत होते. जाड दगडी भिंती, मातीने भरलेले सांधे आणि वर मातीचं जड धाबं, झोपेत असलेल्या माणसांवर आलेलं.

२१ जानेवारी, रविवार

आज एका शब्दावर दोन तास गेले आणि ते सत्कारणी लागले.

पुस्तिकेच्या कच्च्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘पाद्र्यांनी चुमाश लोकांना बाटवलं.’ चुमाश म्हणजे या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी. लिहिताना काही वाटलं नाही, तोंडात बसलेला शब्द. आपल्या शाळेतल्या एक पालक वसईच्या. मसुदा वाचून त्यांनी तो शब्द पेन्सिलीने गोल केला आणि शांतपणे म्हणाल्या, “ताई, हा शब्द आमच्या घराला उद्देशून वापरलेला मी लहानपणी ऐकलाय. बाटणं म्हणजे विटाळणं. माझे पणजोबा विटाळलेले होते का?”

मला लाज वाटली. शब्द काढला. आता ‘बाप्तिस्मा दिला’ असं लिहिलंय, आणि त्याच्या पुढच्या वाक्यात, बाप्तिस्मा घेतल्यावर माणसाला मिशन सोडून आपल्या मर्जीने गावी परत जाता येत नसे, गेल्यास सैनिक धरून आणत आणि फटके देत. जबरदस्ती कुठे होती ते नेमकं सांगितलं की शिवीसारख्या शब्दाची गरज पडत नाही.

त्यांनीच आणखी एक धागा दिला. वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कनच. १५९७ साली नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं, १८६२ साली संतपद मिळालं. म्हणजे ज्या संघाचे पाद्री पुढे दोनशे वर्षांनी इथे आले, त्याच संघाची वस्त्रं एका वसईकराने घातली होती. पुस्तिकेत चौकट टाकते. मुलांना वसईचा किल्ला चिमाजी आप्पांमुळे माहीत आहे, त्याच किल्ल्यात फ्रान्सिस्कनांचं चर्च होतं हेही माहीत असू दे.

२८ जानेवारी, रविवार

मातीची चाचणी. परसातली माती काचेच्या बरणीत पाणी घालून हलवली आणि रात्रभर ठेवली. तळाला वाळू, मधे पोयटा, वर चिकणमाती. चिकणमाती फारच जास्त, जवळजवळ निम्मी. पाव ते एक तृतीयांश पुरते. तरी तशीच चार विटा करून पाहिल्या, दुसऱ्या दिवशी मधोमध फुटल्या.

नाशिकला बाबांना फोन लावला. त्यांचं लहानपण निफाडकडे पांढऱ्या मातीच्या घरात गेलं. कच्च्या विटेला ते भेंडाच म्हणतात. बाबा म्हणाले, “अगं, घाई करतेस तू. चिखल आधी मुरू दे. दोन दिवस भिजत ठेव, मग तुडव, मग भूस घाल आणि परत तुडव. आणि पहिल्या दिवशी ऊन लागू देऊ नकोस, वरची कातडी वाळते आणि आतला भेंडा ओलाच राहतो. मग फुटणारच.”

वाळू विकत आणली. गव्हाचं भूस घोड्यांच्या चाऱ्याच्या दुकानात मिळालं. लाकडी साचे केले, आतून १० × ५ × ३ इंच. मिशनची अस्सल वीट याच्या दुपटीहून लांब असते. नऊ वर्षांच्या मुलाला ती उचलायची नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

काल सगळी मुलं परसात आली होती. चिखल तुडवताना आनंदीआनंद. २२ विटा झाल्या. प्रत्येकीवर करणाऱ्याने अंगठा उमटवला. सावलीत, वर ताडपत्री.

आज पहाटेपासून वादळी पाऊस, अख्ख्या किनाऱ्यावर. ताडपत्री वाऱ्याने उडाली. सकाळी बघते तर विटांचे पेढे झालेले, कडा विरघळून तपकिरी पाणी वाहतंय. लेक रडली. मी तिला भिजलेला चिखल परत घमेल्यात भरायला लावला. कच्च्या विटेचं हेच चांगलं, भाजलेली वीट फुटली की संपली, ही परत थापता येते. फोटो मात्र काढून ठेवलेत. मिशनच्या भिंतींचं काय झालं ते दाखवायला याहून चांगलं चित्र कुठे मिळणार?

११ फेब्रुवारी, रविवार

तोच चिखल, नवी थापणी. या वेळी गॅरेजमध्ये. चार दिवसांनी उभ्या करून ठेवायच्या. पुढे महिनाभर हात लावायचा नाही.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आज बरोबर दोनशे वर्षं झाली. २१ फेब्रुवारी १८२४ रोजी शेजारच्या सांता इनेस मिशनमध्ये सैनिकांनी ला पुरीसिमाच्या एका चुमाश तरुणाला फटके मारले आणि उठाव पेटला. त्याच दिवशी ला पुरीसिमाही चुमाशांनी ताब्यात घेतलं. सैनिकांना बायकामुलांसकट सांता इनेसला जाऊ दिलं. आन्तोनिओ रोद्रिगेस हा पाद्री चुमाशांबरोबर मिशनमध्येच राहिला. त्यांनी लाकडी तटबंदी उभी केली, भिंतींना बंदुकीसाठी भोकं पाडली, दोन लहान तोफा रोखून ठेवल्या आणि जवळजवळ महिनाभर मिशन स्वतःच्या हाती ठेवलं. १६ मार्चला मोंतेरेहून शंभरावर सैनिक तोफेसह आले. काही तासांच्या लढाईत १६ चुमाश मेले. रोद्रिगेसने मधे पडून शरणागती घडवून आणली. नंतर सात जणांना मृत्युदंड झाला. मारियानो, पाकोमिओ आणि बेनितो या नेत्यांना दहा वर्षांची सक्तमजुरी.

संध्याकाळी हे एका पानात बसवायला घेतलं. बसत नाही. दोन पानं दिली, चर्चच्या वेदीचं पान कमी केलं.

भिंतींना भोकं पाडली, हे डोक्यातून जात नाही. ज्या भिंतींसाठी त्यांनी स्वतः चिखल तुडवला, त्याच भिंतींना.

१६ मार्च, शनिवार

मुद्दाम आजच्या दिवशी गेले. सकाळची वेळ, फार कोणी नव्हतं. पुस्तिकेचा मार्ग पायांनी मोजायचा होता. एकूण दोन तास पुरतील, मुलांची पाणी पिण्याची थांबणी धरून.

आज मला या प्रकल्पाचं मध्य सापडलं, आणि ते एका मोकळ्या जागेत आहे.

इथे चर्च परत बांधलंय, पाद्र्यांचं घर, विणकरांच्या आणि सुतारांच्या खोल्या, पन्हाळं, चरबी वितळवायच्या भट्ट्या, सगळं. चुमाश कुटुंबं राहत होती त्या लांब चाळीसारख्या घरांच्या मात्र नुसत्या पायाच्या खुणा. १९६२ साली जेम्स डीट्झ या पुरातत्त्वज्ञाने ती जागा खणली. बायकांच्या रोजच्या कामाच्या वस्तू, दळण्याकुटण्याच्या आणि टोपल्यांच्या, तिथे मिशनच्या काळातही सापडतात. पुरुषांच्या शिकारीच्या वस्तू मात्र जवळजवळ नाहीशा झाल्या. पुरुष गुरांमागे, शेतात आणि विटांवर गेले, त्यांचं जुनं काम सुटलं. बायका संध्याकाळी त्या खोलीत येऊन आपल्या आईसारखंच कुटत-दळत राहिल्या. हे मला कुठल्याही वेदीपेक्षा जास्त सांगून जातं.

पाहुणा चर्च बघतो, ओसरीवर फोटो काढतो, गाढवाला हात लावतो आणि निघतो. ज्यांची संख्या सगळ्यात जास्त होती त्यांचं घरच उभं नाही, त्यामुळे ते होते हेच लक्षात येत नाही. १८०४ साली जुन्या जागी १,५२० चुमाश मिशनमध्ये होते. पाद्री दोन. पुढच्या तीन-चार वर्षांत गोवर आणि देवीने सुमारे पाचशे गेले. १८२० साली पायेरासने स्वतः वरिष्ठांना पत्रातून कळवलं होतं की हे लोक इतके मरताहेत की मिशनांत माणूसच उरणार नाही. त्याला दिसत होतं. तोही तिथेच मेला, १८२३ साली. चर्चमध्ये त्याचं थडगं आहे. चुमाशांच्या दफनभूमीत कोणाचंच नाव वाचता येत नाही.

म्हणून ठरवलं, सहल त्या पायांपासून सुरू करायची. चर्च शेवटी.

२४ मार्च, रविवार

पालक बैठक. एका बाबांचा आक्षेप, “नऊ वर्षांच्या मुलांना फटके, कुलूप आणि मरणं कशाला? सहल आहे, आनंदाने जाऊ द्या.” कुलूप म्हणजे ‘मोंजेरिओ’चं. मिशनांमध्ये लहान मुली सातेक वर्षांच्या झाल्या की आईबापांपासून वेगळ्या करून लग्न होईपर्यंत रात्री कुलूपबंद खोलीत झोपवत. माझ्या मसुद्यात त्यावर अर्धं पान आहे.

त्यांचं म्हणणं मी हलकं घेतलं नाही, त्यांची मुलगी घाबरट आहे. पण आपण मुलांना संभाजी महाराजांबद्दल सांगतो, जालियनवाला बागेबद्दल सांगतो. तेव्हा ती लहान नसतात. फक्त दुसऱ्याच्या दुःखाच्या वेळी ती एकदम लहान होतात, हे मला पटत नाही. हे मी बोलले, थोडं जोरातच बोलले. शेवटी असं ठरलं की फटक्यांचं वर्णन करायचं नाही, झाले हे मात्र सांगायचं. मोंजेरिओचं पान राहील. वसईच्या ताईंनी सुचवलं की पायेरासने प्रार्थना चुमाश भाषेत करून घेतल्या हेही घाला, सगळे पाद्री एकाच रंगात नकोत. घातलं.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढी उभारली, विटा तपासल्या. अकराच्या अकरा मुलांच्या दोन-दोन धरून २२पैकी १९ धड. खणखणीत वाजतात. छपाईला पुस्तिका दिली.

शेवटचं पान नावांचं केलंय. मुलं ज्या गावांची नावं रोज घेतात त्यातली किती चुमाश भाषांतली आहेत: मालिबू, ओहाय, सिमी, मुगू, पिस्मो, लोम्पोकसुद्धा. ओहाय म्हणजे चंद्र. आणि हे लोक गेलेले नाहीत. सांता इनेसजवळ १९०१पासून त्यांची राखीव जमीन आहे, तिथले लोक आपली समाला भाषा पुन्हा शिकताहेत. हे वाक्य मोठ्या टायपात.

२७ एप्रिल, शनिवार

झाली सहल. अकरा मुलं, चौदा मोठी माणसं, दोन आज्या. बरोबर पोळीभाजी आणि चिवडा.

पायांपाशी सुरुवात केली. एका खोलीच्या मापाची दोरी मी नेली होती. ती जमिनीवर धरून सहा मुलांना आत उभं केलं. “झोपून दाखवा,” म्हटल्यावर पाय दोरीबाहेर गेले. मग ती जी गप्प झाली! नंतर प्रत्येकाने आपली वीट तिथे गवताच्या कडेला ठेवली, फोटोपुरती. जागेला धक्का लावायचा नाही हे आधीच बजावलं होतं. एका आजीने खाली वाकून एका विटेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “आमच्या सासरचा वाडा असाच होता गं, उन्हाळ्यात गार.” पांढऱ्या मातीची जुनी पडकी घरं शेतात खत म्हणून कशी नेत, ते त्यांनी मुलांना सांगितलं. ते माझ्या पुस्तिकेत नव्हतं.

पुढे घंटेपाशी. इथे दिवस घंटेवर चालायचा, उठणं, प्रार्थना, काम, जेवण, झोप. मी नाशिकची. गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा वसईच्या मोहिमेत मिळालेली पोर्तुगीज घंटा, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, आमच्याकडे ती विजयाची घंटा. मुलांना तेही सांगितलं. मग विचारलं की ज्याच्या झोपेतून ही घंटा उठवते त्याला ती कशी ऐकू येत असेल? “शाळेसारखी,” एक मुलगा म्हणाला. दुसरी म्हणाली, “पण शाळा तीन वाजता सुटते.”

भिंतीला हात लावून एकीने विचारलं, “मावशी, हिच्या आत काँक्रीट आहे ना?” पहिलं पान वाचलं होतं तर.

मोंजेरिओचं पान वाचताना मी त्या घाबरट मुलीकडे बघत होते. ती घाबरली नाही. तिने विचारलं की मुलींच्या आया रात्री काय करायच्या. मी म्हटलं, मला वाटतं त्या जाग्या राहत असतील. तिच्या बाबांनी तिचा हात धरला.

दुपारी वारा सुटला, लोम्पोकला सुटतोच. चर्चमध्ये शेवटी गेलो. थंड, अंधारं, पायाखाली फरश्या. वसईच्या ताई क्षणभर गुडघ्यावर बसल्या. मुलं न सांगता हळू बोलत होती.

५ मे, रविवार

दुरुस्त्या. पान ४ वर कौलांचं चित्र उलटं छापलंय. पान ९ वरचा ‘दोन पाद्री, १,५२० चुमाश’ हा आकडा मुलांना सगळ्यात जास्त लक्षात राहिला, तो मोठा करायचा. आजींचं खताचं सांगणं चौकटीत घालायचं. दोरीचं माप पुस्तिकेत द्यायचं, म्हणजे ज्यांना येता येत नाही त्यांना घरच्या दिवाणखान्यात आखता येईल.

लेकीच्या इंग्रजी शाळेत बाईंनी मिशनवर काही आणायला सांगितलं होतं. ती दोन्ही विटा घेऊन गेली, एक कोरडी आणि एक मुद्दाम पाण्याच्या ताटलीत ठेवलेली. पहिल्या तासाला ठेवली होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अंगठ्याचा ठसा गेला होता.